सक्शन घ्यावं की व्हायब्रेटर? पहिल्यांदाच घेणाऱ्या बायकांसाठी

गेल्या दिवाळीत मावसबहीण इंदूरला आली होती. सुदामानगरातलं आमचं घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यामुळे बोलायला जागा उरली ती फक्त गच्ची. वाळलेले कपडे काढता काढता तिनं हळूच विचारलं, "ताई, ते हवेनं ओढणारं मिळतं ना हल्ली, ते घेऊ की साधं व्हायब्रेटर?" तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली आहेत. हा प्रश्न ओठांवर यायला तिला दोन दिवस लागले. त्या दिवशी चादरींच्या घड्या घालत मी तिला जे सांगितलं, तेच इथं सविस्तर लिहिते आहे. विषय आहे बायकांनी लैंगिक सुखासाठी वापरायची ही दोन यंत्रं, आणि लेख अठरा वर्षांवरच्या बायकांसाठी आहे. शब्द सरळ वापरले आहेत, कारण आडवळणाच्या शब्दांनी नेमकी जागा सापडत नाही, आणि या विषयात सगळं जागेवरच अवलंबून आहे.

तिला पहिलं वाक्य सांगितलं ते असं: दोन्ही यंत्रांचा स्पर्श वेगळा आहे, आणि तुझ्या अंगाला कुठला मानवतो हे पैसे खर्च करण्याआधी दोन बोटांनी कळतं.

पायरी 1: आधी स्वतःची ओळख

क्लिटोरिस, म्हणजे शिश्निका, बाहेरून वाटाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान दिसते. योनीच्या आतल्या, लहान ओठांची वरची टोकं जिथं जुळतात, तिथं कातडीच्या एका घडीखाली ती असते. तिच्या खाली लघवीची जागा आणि त्याखाली योनीचं तोंड. पण दिसतं ते फक्त टोक. तिचे दोन पाय आणि दोन फुगीर भाग आत, योनीच्या दोन्ही बाजूंनी पसरलेले असतात. हेलन ओ'कॉनेल या ऑस्ट्रेलियन मूत्ररोग शल्यविशारद बाईंनी 1998 मध्ये हे नीट दाखवून दिलं. तोपर्यंत शरीरशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांत हा अवयव अर्धामुर्धाच काढलेला असायचा. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. या अवयवात आठ हजार मज्जातंतू असतात असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं, आणि तो आकडा गाईंवरच्या अभ्यासातून आलेला होता. माणसाच्या शरीरातले तंतू 2022 मध्ये अमेरिकेत मोजले गेले, तेव्हा ते दहा हजारांहून जास्त निघाले.

एवढी दाट संवेदना इतक्याशा जागेत असल्यामुळे बायकांच्या आवडीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत जेमतेम अठरा टक्के बायकांनी सांगितलं की नुसत्या संभोगानं त्यांना परमसुख मिळतं. छत्तीस टक्क्यांहून जास्त जणींना त्या वेळी क्लिटोरिसला स्पर्श लागतोच. तुमचं संभोगातून 'होत' नसेल, तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका.

आता बोटांची परीक्षा. सवड असेल अशा दिवशी, हात धुऊन, नखं कापलेली असताना, थोडं वंगण लावून बघा. थेट टोकावर बोट ठेवलं की चटका बसल्यासारखं होतं का? नकळत मांड्या मिटतात का? की उलट, जोरात दाबून चोळल्याशिवाय काही जाणवतच नाही? बोट टोकाच्या बाजूनं, वरच्या घडीवरून फिरवलं तर बरं वाटतं का? आत बोट घातलेलं आवडतं का? या उत्तरांवर पुढची निवड ठरते. ती एका कागदावर लिहून ठेवा असं मी बहिणीला सांगितलं होतं. तिनं लिहिली नाहीत, पण लक्षात ठेवली.

पायरी 2: यंत्राच्या आत काय चालतं

व्हायब्रेटर समजायला सोपा. मोटरच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसवलेलं असतं. ते फिरलं की सगळं यंत्र थरथरतं, मोबाइल थरथरतो तसंच. मोटर लहान असेल तर थरथर बारीक आणि झिणझिणीत येते, कातडीच्या वरच्या वर राहते आणि कधीकधी तेवढा भाग बधिर करते. मोटर मोठी असेल तर थरथर जाड, घुमणारी येते आणि आतपर्यंत पोहोचते. क्लिटोरिसचे आतले भाग जागे करायचे असतील तर ही घुमणारी थरथर उपयोगी पडते. व्हायब्रेटरमध्ये प्रकार पुष्कळ आहेत: लिपस्टिकएवढी बुलेट, मोठ्या डोक्याची वाँड, आत घालायचे लांबट, आणि आत-बाहेर दोन्हीकडे काम करणारे रॅबिट. जपानच्या हिताची कंपनीनं आणलेली मॅजिक वाँड 1968 पासून आहे. ती विकली गेली अंगदुखीसाठी मसाजर म्हणून, आणि बायकांनी तिचा उपयोग स्वतःच शोधून काढला.

सक्शन हे नाव थोडं फसवं आहे. व्हॅक्युम क्लिनरसारखं ते सलग ओढत नाही. त्याला एक छोटं, मऊ कडेचं तोंड असतं. ते क्लिटोरिसभोवती बसलं की मधली हवा कोंडली जाते. आतला पडदा पुढे-मागे हलतो, त्यामुळे त्या कोंडलेल्या हवेचा दाब वेगानं कमी-जास्त होत राहतो. टोकाला प्रत्यक्ष काहीही घासत नाही. जर्मनीत मिशाएल लेंके यांनी ही पद्धत शोधली आणि 2014 मध्ये 'वुमनायझर' बाजारात आलं. पुढे 'सॅटिस्फायर प्रो 2' बरंच स्वस्त निघालं आणि घरोघरी पोहोचलं. स्वीडनच्या 'लेलो'चं 'सोना' ध्वनिलहरींचं नाव घेऊन विकलं जातं, पण वापरणारीच्या दृष्टीनं कुटुंब तेच.

अंगाला काय जाणवतं ते सांगते. व्हायब्रेटर पसरतो: मांडी, ओठ, हात, सगळं थोडं थोडं थरथरतं. सक्शनचं काम मात्र एका बिंदूवर चालतं, आजूबाजूला जवळजवळ काही कळत नाही. काही जणींना ही नेमकी ठोक स्वर्गीय वाटते आणि दोन-तीन मिनिटांतच त्या शिखराला पोहोचतात. काही जणींना हेच फार घाईचं वाटतं, जेवायला बसल्या बसल्या ताट उचलून नेल्यासारखं.

पायरी 3: उत्तरांवरून निवड

थेट स्पर्श सहन होत नाही, घासलं की जळजळतं, अशी असाल तर सक्शनकडे वळा, कारण तिथं घर्षणच नाही. रजोनिवृत्तीनंतर किंवा अंगावर पाजत असताना कातडी कोरडी, नाजूक होते, तेव्हाही बऱ्याच जणींना हे सोपं जातं. माझ्या ओळखीच्या एक काकू पंचावन्न वर्षांच्या आहेत. "मला काही जाणवतच नाही गं," असं त्या दहा वर्षं धरून बसल्या होत्या, आणि त्यांना सक्शनच लागू पडलं.

जोर लागतो, दाब हवा असतो, पूर्ण भाग घुमायला हवा असतो, तर वाँड किंवा दमदार मोटरचा व्हायब्रेटर घ्या. आत काहीतरी असल्याशिवाय समाधान होत नसेल तर सक्शनचं यंत्र एकटं पुरणार नाही, ते आत घालायचं नसतंच. आणि नवऱ्यासोबत, संभोगाच्या वेळी वापरायचं हा मुख्य हेतू असेल, तर माझं मत स्पष्टपणे बुलेटच्या बाजूनं आहे. अंग हललं की सक्शनचं तोंड निसटतं, आणि ते पुन्हा जागेवर बसवण्यात दोघांचाही रस जातो.

अजून काहीच ठरत नसेल तर? आधी साधी, चांगल्या प्रतीची बुलेट घ्या. ती स्वस्त असते, टोकावर, बाजूला, कपड्यावरून, कुठंही धरता येते, आणि तिच्यावरून स्वतःबद्दल सगळ्यांत जास्त कळतं. जाहिरातीतली 'तीव्रतेच्या पातळ्या किती' ही गणती मात्र विसरून जा. माझ्या माहितीतल्या बहुतेक जणी पहिल्या चार पातळ्यांच्या वर कधी गेल्याच नाहीत.

पायरी 4: खरेदी

बहिणीला सर्वांत मोठी धास्ती कायद्याची होती. भारतात अश्लील वस्तू विकणं, मांडणं, वाटणं यावर कलम आहे. आधी ते भारतीय दंडसंहितेचं 292 होतं, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 294. स्वतःच्या वापरासाठी कपाटात ठेवलेल्या वस्तूवर त्याचा रोख नाही. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर कस्टम्सनं अडवलेल्या बॉडी मसाजरचं प्रकरण आलं होतं. ते मसाजर बंदी असलेल्या अश्लील वस्तूंत बसत नाहीत, असाच निकाल न्यायालयानं दिला. त्यामुळे देशात साठा असलेल्या, बिल देणाऱ्या विक्रेत्याकडून 'पर्सनल मसाजर' म्हणून घेतलेलं पार्सल निर्धास्त घ्या. परदेशातून स्वतः मागवण्याच्या भानगडीत मात्र पहिल्यांदा पडू नका.

पार्सल बाहेरून साध्या खोक्यात येतं. तरी एकत्र कुटुंबात 'काय आलं गं?' हा प्रश्न चुकत नाही. ऑफिसचा पत्ता द्या, मैत्रिणीचा द्या, किंवा कुरियरच्या कार्यालयातून स्वतः उचला. पैसे आधीच भरलेले असू देत, म्हणजे दारात सुट्ट्या पैशांवरून बोलणं लांबत नाही.

साहित्य बघा. अंगाला लागणारा भाग सिलिकॉनचा हवा, बाकी कवच एबीएस प्लास्टिकचं चालतं. 'जेली', 'टीपीई', 'सॉफ्ट रबर' असं लिहिलेलं असेल तर सोडून द्या. त्याला बारीक छिद्रं असतात, ती कितीही धुतली तरी पूर्ण स्वच्छ होत नाहीत. खोकं उघडल्यावर नव्या टायरसारखा वास आला तर ती वस्तू अंगाला लावू नका, परत करा. नामांकित सक्शन यंत्रांच्या हुबेहूब नकला भरपूर फिरतात. मूळ किमतीच्या चौथाईत मिळत असेल तर ती नक्कलच.

सक्शनच्या तोंडाचा आकार हा मुद्दा विकणारे सांगत नाहीत, आणि निम्म्या निराशा तिथूनच येतात. क्लिटोरिसचं टोक ठसठशीत असेल तर अरुंद तोंडात ते कडेला दाबलं जातं आणि दुखतं. बारीक, घडीत दडलेलं असेल तर रुंद तोंडात हवा कोंडलीच जात नाही. तोंडावर बसवायच्या दोन मापांच्या टोप्या सोबत देणारं मॉडेल मिळालं तर थोडे पैसे जास्त जाऊ द्या.

आवाजाचंही पाहा. भिंती पातळ आणि शेजारच्या खोलीत सासूबाई, ही आपली खरी परिस्थिती आहे. सक्शन यंत्र हवेत धरलं की फटफटतं, अंगावर नीट बसलं की आवाज निम्म्याहून खाली येतो. वुमनायझरच्या काही मॉडेलांत यावर तोडगा आहे: कातडीला टेकल्यावरच ते सुरू होतं, उचललं की थांबतं. व्हायब्रेटरचा आवाज सलग गुणगुणल्यासारखा असतो, पण लाकडी दिवाणाला टेकला की सगळा दिवाण बोलायला लागतो, म्हणून तो गादीवरच ठेवा. एप्रिल-मेमध्ये कूलरच्या घरघरीत काहीच ऐकू जात नाही. डिसेंबरच्या रात्री मात्र पंखाही बंद असतो, तेव्हा पांघरूण उपयोगी पडतं.

सोबत पाण्याच्या बेसचं वंगण आणाच. दवा बाजारात किंवा कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळतं. 'लुब्रिकंट जेल, वॉटर बेस' एवढं सांगितलं की काउंटरवरचा मुलगा न बोलता काढून देतो, त्याच्यासाठी ते रोजचंच आहे. सिलिकॉन बेसचं वंगण नको, त्यानं सिलिकॉनचं यंत्र चिकट होऊन खराब होतं. घरचं खोबरेल तेल बऱ्याच जणी वापरतात, पण तेलानं निरोध फाटतो आणि सक्शनच्या तोंडात ते चिकटून बसतं.

पायरी 5: पहिली वेळ

आधी दिवसा, एकटीनं, हातात धरून यंत्र शिका. चालू कसं होतं, पातळी वाढवण्याचं बटण कुठलं आणि कमी करण्याचं कुठलं, पटकन बंद कसं करायचं. अंधारात बटणं शोधत बसावं लागलं की सगळा मूड जातो. पहिलं चार्जिंग पूर्ण होऊ द्या. मोबाइलचा जलद चार्जर लावू नका, जुना साधा 5 वोल्टचा लावा.

व्हायब्रेटर असेल तर सुरुवात चड्डीवरून किंवा मऊ सुती कपड्यावरून करा. आधी मांड्यांच्या आतून, मग ओठांवरून, मग क्लिटोरिसच्या एका बाजूनं. थेट टोकावर लगेच जाऊ नका. एका जागी दाबून धरण्यापेक्षा हळूहळू सरकवत राहा, म्हणजे मुंग्या येत नाहीत. आत घालायचा असेल तर अंग आधी तयार होऊ द्या, भरपूर वंगण लावा, घाई करू नका. गुदद्वारासाठी फक्त तळाशी रुंद बूड असलेलीच वस्तू वापरायची. बाकी काहीही आत ओढलं जाऊ शकतं, आणि मग रुग्णालय गाठावं लागतं.

सक्शनला तंत्र लागतं. पाठीवर पडा, गुडघे वर, पाठीमागे उशी. एका हाताच्या दोन बोटांनी ओठ बाजूला करा आणि वरची घडी किंचित वर ओढा, म्हणजे टोक उघडं पडेल. यंत्राच्या कडेवर वंगणाचा एक थेंब फिरवा. सर्वांत खालच्या पातळीवर चालू करून तोंड असं टेकवा की टोक बरोबर मध्ये येईल. आवाज एकदम दबला, घुमल्यासारखा झाला की समजायचं, बसलं. आता ओठ सोडा. दाबू नका. हलवायचं तेही जेमतेम तिळाएवढं, वर, खाली, डावीकडे.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, जागा खाली चुकणं. बहिणीचंही हेच झालं. दोन वेळा वापरून तिनं मला फोन केला, "ताई, नुसती गुदगुली होते आणि लघवीला आल्यासारखं वाटतं." म्हणजे तोंड लघवीच्या जागेवर येत होतं. मी म्हटलं, बोटभर वर घे आणि आधी आरसा धरून बघ. दुसरी चूक, जाणवत नाही म्हणून पातळी वाढवत जाणं. न बसलेलं यंत्र कितीही वाढवलं तरी हवाच हलवतं. तिसरी, थेट थंड सुरुवात. अंग आधी हातानं, कल्पनेनं जागं होऊ द्या. टोक थोडं फुगलं की तोंड आपसूक बसतं. केसांमुळे क्वचित हवा निसटते, पण त्यासाठी सफाचट करायची गरज नाही, बाजूला सारले की पुरे.

फार तीव्र वाटलं तर यंत्र न काढता एक कड किंचित उचला, दाब लगेच हलका होतो. किंवा घडीवरूनच ठेवा, टोक उघडं न करता. शिखर आल्यावर बहुतेकींना पुढचा एक क्षणही सहन होत नाही, तेव्हा बंद करण्याचं बटण बोटाखाली असू द्या. तीन-चार वेळांनंतरही काही जमलं नाही तर महिनाभर बाजूला ठेवा आणि पुन्हा बघा. थकवा, ताण, नैराश्यावरच्या काही गोळ्या, मधुमेह, या सगळ्यांचा परमसुखावर परिणाम होतो आणि दोष यंत्राचा नसतो.

वापरानंतर थोडा वेळ बधिर वाटलं तर घाबरू नका, ते उतरतं. 'सवय लागली तर नवऱ्याबरोबर काही वाटणारच नाही' ही भीती मला नेहमी सांगितली जाते. एकाच यंत्राच्या एकाच पातळीची अंगाला सवय होते, हे खरं. म्हणून मध्येमध्ये हातानं, कधी खालच्या पातळीवर, कधी काही न वापरता, असं बदलत राहा.

नवऱ्याला सांगायचं की नाही हे प्रत्येकीनं आपल्या घराकडे बघून ठरवावं. सांगणार असाल तर अंथरुणावर ऐनवेळी काढून दाखवू नका. चहा पिताना, दिवसा, साध्या आवाजात सांगा.

पायरी 6: धुणं, ठेवणं

कोमट पाणी आणि वास नसलेला सौम्य साबण, एवढंच. डेटॉल नको, स्पिरिट नको, उकळतं पाणी तर मुळीच नको, आत बॅटरी असते. 'आयपीएक्स7' लिहिलेलं असेल तर ते एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, नळाखाली निर्धास्त धरा. नसेल तर ओल्या कपड्यानं पुसा आणि चार्जिंगची जागा कोरडी ठेवा. सक्शनची सिलिकॉनची टोपी काढून वेगळी धुवा आणि आतली खाच कापसाच्या काडीनं पुसा. ओलावा राहतो तो तिथंच, आणि पावसाळ्यात तिथंच बुरशीचे काळे ठिपके पडतात. पडले तर टोपी बदला, घासून वापरू नका. पूर्ण वाळल्यावर सुती पिशवीत, दुसऱ्या यंत्राला चिकटणार नाही असं ठेवा. महिनोन्महिने वापर नसेल तरी दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा. प्रवासात बटणांचं लॉक लावा, नाहीतर बॅगेत आपोआप सुरू होतं.

कुणी थांबायचं

खाज, जखम, पुरळ, वेगळ्या वासाचा स्राव असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, नंतर यंत्र. बाळंतपणानंतर टाके भरेपर्यंत आणि डॉक्टरांनी तपासून 'ठीक आहे' म्हणेपर्यंत नको. गरोदर असाल तर विचारूनच वापरा, आणि सक्शनचं तोंड योनीच्या तोंडावर कधीही लावू नका. गरोदरपणी आत हवा गेली तर ती रक्तात शिरून जिवावर बेतू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सक्शननं काळंनिळं पडू शकतं. पेसमेकर असेल तर चुंबकी चार्जिंगबद्दल हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. डॉक्टरांसमोर तोंडून शब्द फुटत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या. मी एकदा तसंच केलं होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी करून परत दिली आणि नीट उत्तर दिलं.

आणि यंत्र मेलं की काय करायचं, हेही बहिणीनं विचारलं होतं. आत लिथियमची बॅटरी असते, म्हणून साध्या सुक्या कचऱ्यात टाकायचं नाही. इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. सिलिकॉनची टोपी काढून ती वेगळी टाका, उरलेलं यंत्र धुऊन, पुसून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि जुन्या चार्जरच्या, तुटलेल्या रिमोटच्या बरोबर त्या कप्प्यात सोडा.